पिझ्झा डो ओढला की परत आक्रसतो? आधी लाटणं खाली ठेवा!

नमस्कार मंडळी! ओट्यावर पिझ्झा डोचे दोन गोळे दिसतायत बघा. डावीकडचा मी सकाळी १० वाजता फ्रिजमधून काढून वाटीखाली झाकून ठेवलाय, आत्ता १२ वाजतायत. उजवीकडचा आत्ताच काढला, पाकिटाला अजून घाम आहे. दोन्ही एकाच दुकानातले, एकाच दिवशी आणलेले. त्यांच्याकडे परत येऊ.

आयता डो आणून पिझ्झा कसा करायचा याचा व्हिडिओ मी मागे टाकला, आणि खाली कमेंट्समध्ये सगळीकडे एकच रड. ‘दादा, ओढला की परत जातो.’ ‘दादा, यात रबर घालतात का?’ एका ताईंनी लिहिलंय, ‘माझा पिझ्झा पुरीएवढा झाला, मुलं हसली.’ ताई, रबर-बिबर काही नाही. तुम्ही घाई केलीत, एवढंच.

बाकीचं पटकन उरकतो, तुम्हाला येतंच. डो म्हणजे यीस्ट घातलेला कच्चा मैद्याचा गोळा. बेकरीत पाकिटात मिळतो तो बेस, तो आधीच भाजलेला असतो, त्याला आजचं काही लागू नाही. फ्रोझन डो असेल तर आदल्या रात्री फ्रीझरमधून खाली फ्रिजमध्ये ठेवा. २०० ते २५० ग्रॅमच्या गोळ्याचा साधारण १० इंची पिझ्झा होतो. सॉस, चीज, ओटीजी म्हणजे आपला घरातला छोटा इलेक्ट्रिक ओव्हन, झालं. आणि ते ‘इनो घालू का’ विचारणारे दादा, ढोकळा करतोय का आपण? यीस्ट आहे की आत!

आता हा थंड गोळा. दाबतोय, पसरतोय... आला ६ इंचांवर. हात काढतो. सरकला बघा मागे! परत ओढतो. परत गेला. आणि इथे माणसाचा संयम सुटतो आणि हात ड्रॉवरकडे जातो. लाटण्यासाठी.

थांबा. होतंय काय ते ऐका. मैद्यात पाणी गेलं की ग्लुटेनचं, म्हणजे मैद्यातल्या चिवट प्रथिनांचं, जाळं तयार होतं. गोळा वळताना ते ताणलं जातं, आणि फ्रिजच्या ४ अंशांत तसंच ताठ राहतं. बाहेर झाकून ठेवलं की सैलावतं. यीस्टही थंडीत पेंगत असतं, उबेला आलं की कामाला लागतं.

हे सगळं मी आईला मोठ्या उत्साहाने सांगत होतो. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मग पुरणपोळीची कणीक आम्ही दोन तास कशाला मुरवतो?” झालं. माझा आठवडाभराचा अभ्यास एका वाक्यात निकालात.

माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्यांदा केला तेव्हा चार मित्र आलेले, मॅच सुरू. गोळा फ्रिजमधून थेट पोळपाटावर, वर लाटणं, सगळा जोर लावून गोल केला. टॉपिंग घालेपर्यंत साहेब दोन इंच आत. आत गेला तेवढा मध्ये जाड झाला. वरचं चीज करपलं आणि मध्ये कच्चा चिकट मैदा. एक मित्र म्हणाला, “थालीपीठ बरंय रे.” रात्री साडेदहाला कांदेपोहे केले.

‘आमच्या लाटण्याने मस्त गोल होतो’ म्हणणारे आहेत, माहितीये. होतो ना, गोल होतो! पण यीस्टने आत धरलेली हवा तुम्ही रोलर फिरवल्यासारखी बाहेर काढली. कडा फुगणार कशाने? नेपल्सच्या पिझ्झ्याचे नियम युरोपियन युनियनने २०१० साली नोंदवले, त्यात लाटणं चक्क बाद आहे, हातानेच पसरायचा. २०१७ मध्ये त्या कारागिरीला युनेस्कोच्या यादीतही जागा मिळाली. आता त्यांची लाकडाची भट्टी ६० ते ९० सेकंदांत पिझ्झा भाजते, आपला ओटीजी २५० अंशांच्या वर जात नाही. पण हात तर आपल्यालाही आहेत.

मग किती वेळ ठेवायचा? मे महिन्यातल्या दुपारी पुण्यात पाऊण तास पुरतो. सध्या जानेवारी आहे, म्हणून मी दोन तास दिले. खरं तर घड्याळ सोडा, बोट लावा. खळगा लगेच भरून आला तर अजून नाही. हळूहळू, अर्धवट भरला तर तयार. हा डावीकडचा बघा... राहिली खूण. आणि ‘इतका वेळ कुणाला आहे’ म्हणणाऱ्यांनो, स्वारगेटहून हिंजवडीला जाताना देता की दीड तास! इथे तर तुम्हाला काही करायचंही नाहीये.

ओट्यावर बारीक रवा भुरभुरवा. मागे मी मक्याचं पीठ म्हणालो, तर तिघांनी कॉर्नफ्लावर घातलं आणि खाली खळ झाली. रवाच घ्या, घरात असतोच. आता बोटांच्या टोकांनी मधून बाहेर दाबत जायचं. भाकरी थापताना आपण कडा पातळ करतो, इथे उलटं. बोटभर रुंद कड सोडायची, तिला हातच लावायचा नाही. मग उचलून मुठींच्या मागच्या बाजूवर घ्यायचा आणि फिरवायचा. मी ओढत नाहीये, बघा, तो स्वतःच्या वजनाने लोंबतोय. खिडकीसमोर धरला तर मध्ये उजेड दिसतो... हं, दिसला. १० इंच, आणि खाली ठेवला तरी हललेला नाही.

तुमचा अजूनही मागे जात असेल तर भांडू नका त्याच्याशी. झाका, १० मिनिटं सिमला मिरची चिरा, मग परत या. जोर लावून जिंकणारा मी तरी अजून पाहिला नाही.

भाजायला ओटीजीत बिडाचा तवा उपडा ठेवा. लाकडी किंवा प्लॅस्टिकची मूठ असलेला नको. २५० वर अर्धा तास सणसणीत तापू द्या. पसरलेला डो रवा भुरभुरवलेल्या उपड्या ताटावर घ्या, सॉस-चीज हात राखून घाला. आणि टोमॅटो केचप घालणार असाल तर मला टॅग करू नका. एकदा ताट हलवून बघा, पिझ्झा सरकला पाहिजे. सरकला की तव्यावर सोडा. ८ ते १० मिनिटं, कडेवर काळपट ठिपके येईपर्यंत.

आणि उजवीकडच्या गोळ्याची काळजी करू नका, तो परत वळून वाटीखाली गेलाय. दुपारचा पिझ्झा आईचा. तिची ऑर्डर आलीये, सॉस अजिबात नको, लसणाची चटणी लाव.