बीसीजीचा जंतू: वाढवायचा, पण बदलू द्यायचा नाही

श्रोतेहो, नमस्कार.

लसीसाठी जंतू वाढवणं एक वेळ जमतं. त्याला बदलू न देणं, ही खरी कसोटी. क्षयरोगावरच्या बीसीजी लसीचंच बघा ना.

१९०८ साली फ्रान्समधल्या लील शहरात आल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ या दोघांनी गुरांना क्षय करणारा जंतू वाढवायला घेतला. कशावर, तर ग्लिसरीन आणि बैलाचं पित्त मुरवलेल्या बटाट्यावर! पित्त घातलं ते जंतूंच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. पण त्यावर वाढता वाढता जंतूचा जोरच ओसरू लागला. मग साधारण दर तीन आठवड्यांनी थोडे जंतू उचलायचे आणि ताज्या बटाट्यावर सोडायचे, असं १३ वर्षांत २३० वेळा झालं. मध्ये महायुद्ध आलं, लील जर्मनांच्या ताब्यात गेलं, तरी यात खंड पडला नाही. चिकाटी म्हणावी ती ही. १९२१ मध्ये पॅरिसला ही लस पहिल्यांदा एका बाळाला दिली, तीही तोंडावाटे.

पुढे हा जंतू देशोदेशीच्या प्रयोगशाळांत गेला. त्याला जगवायचं म्हणजे पुन्हा पुन्हा नव्या माध्यमावर, म्हणजे जंतू ज्यावर पोसला जातो त्या खाद्यावर, वाढवायचं, तेव्हा दुसरा उपायच नव्हता. ज्या रीतीनं तो सौम्य झाला, त्याच रीतीनं तो बदलतही राहिला. कोपनहेगनचा वेगळा, टोकियोचा वेगळा. आणि १९२१चा मूळ जंतू? तो आज कुणाकडेच नाही.

म्हणून आता पारखून घेतलेला जंतू गोठवून, सुकवून कुप्यांत जपतात. हा बीजसाठा. लसीची प्रत्येक खेप त्यातूनच सुरू करायची आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे जंतू पुढे वाढवत न्यायचा नाही, मग तो कितीही जोमदार दिसो.

शिवाय हा जंतू महासंथ. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. याला जवळपास एक दिवस लागतो. त्यामुळे बाहेरचा एखादा जंतू माध्यमात शिरला, तर हा मागेच पडतो आणि सगळी खेप फेकावी लागते. पारंपरिक पद्धतीत द्रव माध्यमावर त्याची सुरकुतलेली साय धरते. ती काढायची, दाबून पाणी निथळायचं, घोटायची आणि सुकवायची. पण बीसीजी ही जिवंत लस, तेव्हा कुपीत जिवंत जंतू किती, हे मोजायलाच हवं. त्यासाठी नमुना पुन्हा माध्यमावर पसरायचा आणि जिवंत जंतू वाढून त्यांचे मोजता येतील असे ठिपके उमटेपर्यंत कित्येक आठवडे थांबायचं. इथे घाई करून चालत नाही. जंतूच ती करू देत नाही.