ग्रँड कॅन्यन : एकदा गेटच्या आत गेलात की पुढचं सगळं फुकट

(कॅमेरा जमिनीकडे. पायवाटेत बसवलेली ब्राँझची छोटी गोल खूण, तिच्यावर बोट.)

नमस्कार मंडळी. दरी दाखवायच्या आधी तुम्हाला ही टिकली दाखवते. या पायवाटेवर दर मीटरला अशी एक टिकली बसवलेली आहे. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. म्हणजे मी एक मोठं पाऊल टाकलं की दहा लाख वर्षं मागे. ही वाट चालायला एक पैसाही लागत नाही. आणि तरीही माझ्या ओळखीतली निम्मी माणसं ग्रँड कॅन्यनला येऊन, दोन तास थांबून, फोटो काढून, ही वाट न बघता परत गेली आहेत. म्हणून आजचा व्हिडिओ.

मी फिनिक्सला राहते. इथून साउथ रिम, म्हणजे दरीचा दक्षिणेकडचा कडा, साडेतीन-चार तासांवर. त्यामुळे पुण्याहून, नाशिकहून कुणी येणार असलं की फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो : हेलिकॉप्टर घ्यायचं का? स्कायवॉक बघायचाच ना?

आधी स्कायवॉकचं सांगते, कारण तिथं फार गोंधळ होतो. तो काचेचा पूल ग्रँड कॅन्यन नॅशनल पार्कमध्ये नाहीच. तो पश्चिमेला हुआलापाई या आदिवासी जमातीच्या जमिनीवर आहे, त्याचं तिकीट वेगळं, आणि तिथून साउथ रिमला यायला गाडीनं चारेक तास लागतात. लास व्हेगसहून एका दिवसात दोन्ही उरकू असा बेत करू नका. आयुष्यात एकदाच येणार असाल तर साउथ रिमला या, आणि एक रात्र तरी राहा.

आता पैशांचं. पार्कच्या गेटवर प्रवेशफी आहे, ती चुकत नाही. गाडीला 35 डॉलर, आणि ती पावती सात दिवस चालते. पण 2026 पासून एक मोठा बदल झालाय : जे अमेरिकेचे रहिवासी नाहीत, त्यांना 16 वर्षांपासून पुढे माणशी 100 डॉलर जादा आहेत. म्हणजे भारतातून आईबाबा आले असतील तर हा आकडा धरूनच हिशेब करा, आणि वार्षिक पास स्वस्त पडतो का तेही निघण्यापूर्वी पार्कच्या अधिकृत साइटवर बघून घ्या. इतके पैसे मोजून आत आल्यावर तर दोन तासांत परत फिरणं मला खरंच बघवत नाही. कारण आत जे उत्तम आहे, त्याला पुढे काहीच द्यावं लागत नाही.

गाडी सकाळी नऊच्या आत व्हिजिटर सेंटरच्या पार्किंगला लावा आणि विसरून जा. पुढे पार्कच्या बस आहेत, फुकट. निळा रूट पार्कमधल्या गावातून फिरतो, केशरी पूर्वेला याकी पॉइंटकडे जातो, आणि लाल पश्चिमेला हर्मिट्स रेस्टपर्यंत. हा लाल लक्षात ठेवा. मार्च ते नोव्हेंबर त्या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी असते, त्यामुळे तिथं बसनंच जायचं. याकी पॉइंटलाही तसंच.

(यावापाई म्युझियमच्या दारातून पायवाटेकडे.)

आता या टिकल्यांकडे परत येऊ. ‘ट्रेल ऑफ टाइम’ नाव. 2010 साली खुली झाली. यावापाई जिऑलॉजी म्युझियमपासून गावाकडे मुख्य टप्पा साधारण दोन किलोमीटर, सपाट, डांबरी. माझ्या बाबांचा गुडघा दुखतो, ते आरामात चालले. फक्त एक : आपण इथं सात हजार फुटांवर आहोत. महाबळेश्वरपेक्षा कितीतरी उंच. पहिल्या दिवशी थोडा दम लागतो, तर घाई करू नका.

म्युझियमपाशी आजचा काळ. तिथून पाच-सहा पावलं टाकली की ही दरी जन्माला येते. कोलोरॅडो नदीनं ही दरी कापायला सुरुवात केली ती साधारण पन्नास-साठ लाख वर्षांपूर्वी, असं बहुतेक भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. पाच-सहा पावलं! बाबा म्हणाले, एवढीच? हो. दरी तरुण आहे, म्हातारे आहेत ते खडक.

पुढे चालत राहा. साठचा आकडा आला की टिकल्या मोजा आणि सहासष्टाव्या मीटरवर थांबा. तिथं पाटी नाही, दगड नाही, कुणी थांबत नाही. पण आपण मराठी माणसांनी थांबायचं. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आपल्याकडे लाव्हाचे थरावर थर ओतले गेले आणि दख्खनचं पठार तयार झालं. आपला सगळा काळा कातळ त्यातला. माझ्या आईचं माहेर जुन्नरचं. मी तिला त्या टिकलीवर उभं केलं आणि म्हटलं, आई, शिवनेरीचा दगड इथला, नाणेघाटाचा दगड इथला. तिनं मागे वळून म्युझियमकडे बघितलं, मग पुढं वाट कुठवर जाते ते बघितलं, आणि म्हणाली, अगं, म्हणजे आपला सह्याद्री अजून लहानच की.

आणि खरंच तसंय. ज्या पांढरट चुनखडकावर आपण उभे असतो, या दरीचा सगळ्यात वरचा थर, कायबाब लाइमस्टोन, तो येतो 270 व्या मीटरला. तिथून पुढे वाटेच्या कडेला दरीतल्या थरांचे खरे दगड मांडलेत, एकेक बाजू घासून गुळगुळीत केलेली, हात लावण्यासाठीच. लावा हात. मध्येच लांबलचक पट्टे लागतात जिथं टिकल्या आहेत पण दगड एकही नाही. त्या काळातले थर इथून झिजून, वाहून गेलेत. माझी मुलगी त्या रिकाम्या पट्ट्यातून पळत न जाता एकेक टिकली मोजत गेली. शेवटचा दगड 184 कोटी वर्षांचा आहे. तिथं पोचेपर्यंत माणसं आपसूक हळू बोलायला लागलेली असतात, हे मी दर वेळी बघते.

त्या जुन्या दगडांत एक काळसर, चमचमता दगड आहे. नाव विष्णू शिस्ट. आईनं पाटीवरचं नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. विष्णू? इथं?

(याकी पॉइंट. बोट पूर्वेकडच्या सुळक्याकडे.)

तो बघा, तो कळसासारखा दिसतोय ना, पायऱ्या पायऱ्यांचा, तो विष्णू टेंपल. पश्चिमेला शिवा टेंपलही आहे. शिवाय ब्रह्मा टेंपल, कृष्णा श्राइन, रामा श्राइन, मनू टेंपल. इथं कुठलंही देऊळ नाही हं, हे सगळे नैसर्गिक डोंगर. क्लॅरेन्स डटन नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ होता, त्याचा या दरीवरचा मोठा ग्रंथ 1882 चा. त्याला या डोंगरांत पूर्वेकडच्या देवळांची शिखरं दिसली आणि त्यानं विष्णू, शिव अशी नावं दिली, पुढच्यांनी तीच रीत चालवली.

आपल्याला ही नावं ऐकून आनंद होतो, मलाही झाला. पण एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय. या दरीशी 11 आदिवासी जमातींचं नातं आहे. होपी, नवाहो, झुनी, हावासुपाई... त्यांच्या भाषांत या जागांना आधीपासून नावं होती, आणि नकाशावर मात्र दूरच्या देवांची आली. 2022 साली खालच्या एका ठिकाणाचं जुनं नाव बदलून हावासुपाई गार्डन्स केलं, कारण हावासुपाई लोक तिथं राहत होते आणि त्यांना तिथून हुसकावून लावलं होतं. म्हणून वेळ काढून पूर्वेला डेझर्ट व्ह्यूला जा. तिथं 1932 सालचा सत्तर फुटी दगडी मनोरा आहे, मेरी कोल्टर या बाईंनी रचलेला, आणि आत फ्रेड काबोटी या होपी चित्रकारानं काढलेली भित्तिचित्रं. याच रस्त्यावर टुसायानचे अवशेष लागतात, साधारण 1185 च्या सुमाराचं एक छोटं गाव. वीस-तीस माणसं, एका वाड्यात राहतील तेवढीच वस्ती. दोन्ही फुकट. फक्त तिकडे स्वतःची गाडी लागते, बस जात नाही.

गावात परत आलात की ब्राइट एंजल लॉजमध्ये शिरा. राहायचं नसलं तरी चालतं. आत एक फायरप्लेस आहे, तीही कोल्टरबाईंचीच. वरवर बघितलं तर साधी दगडी. पण तळाला नदीकाठचा दगड, त्यावर त्यावरचा थर, असं करत वर छताजवळ कायबाब. सबंध दरी एका भिंतीत, क्रमानं. टिकल्यांची वाट चालून आला असाल तर तुम्ही थर ओळखू शकाल.

बाजूलाच कोल्ब स्टुडिओ. एमरी आणि एल्सवर्थ, दोघं भाऊ. खेचरांवर बसून खाली जाणाऱ्या पर्यटकांचे सकाळी फोटो काढायचे. पण वर कड्यावर फोटो धुवायला पाणी नाही! मग एमरी साडेचार मैल दरीत पळत उतरायचा, तिथल्या झऱ्याच्या पाण्यावर फोटो धुवायचा आणि पळत वर यायचा, पर्यटक परत यायच्या आत. आतलं प्रदर्शन फुकट आहे.

याच टापूत, लुकआउट स्टुडिओपाशी, उन्हाळ्यात आकाशाकडे लक्ष ठेवा. कॅलिफोर्निया काँडोर. साडेनऊ फुटांचा पंखविस्तार. 1982 मध्ये सगळ्या जगात हे पक्षी 22 उरले होते. बावीस. 1987 मध्ये उरलेले सगळे पकडून पिंजऱ्यात वाढवले आणि 1996 पासून ॲरिझोनात पुन्हा सोडायला लागले. मला दिसला तो कड्याच्या खाली होता, म्हणजे मी वरून त्याची पाठ बघत होते. एकदाही पंख हलवला नाही, नुसता तरंगत गेला, आणि पंखावरच्या पट्टीचा आकडा साध्या डोळ्यांनी वाचता आला. आजही त्यांचा मोठा काळ म्हणजे शिसं. शिकाऱ्यांच्या गोळीतलं शिसं मेलेल्या जनावरातून पोटात जातं. आपल्याकडे गिधाडं गुरांच्या औषधानं गेली, इथं गोळीनं चाललीत.

मुलं बरोबर असतील तर व्हिजिटर सेंटरमधून ज्युनिअर रेंजरचं पुस्तक घ्या. ते भरून दिलं की रेंजर शपथ देतात आणि बिल्ला मिळतो. रेंजरच्या गप्पांचे कार्यक्रमही रोज असतात, फुकट, त्यातला एक तरी ऐका. खारींना मात्र खायला घालू नका, चावतात, आणि दंडही होतो.

दरीत उतरायचं असेल तर साउथ कायबाब ट्रेलनं ऊ-आ पॉइंटपर्यंत जा. जाऊन-येऊन तीनेक किलोमीटर. दिवसाच्या चालीला परवाना लागत नाही. पण हा गड नाही, आधी उतार आणि मग चढ. उतरताना जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा. वाटेत पाणी नाही, वरूनच बाटल्या भरून न्या. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येऊ, हा विचार कुणीही, कितीही दुर्ग चढलेले असले तरी करू नका. उन्हाळ्यात खाली चाळिशीपार पारा असतो आणि दर वर्षी माणसांना वाचवायला धावावं लागतं.

सूर्यास्ताला सगळी गर्दी होपी पॉइंटला. छान आहे, जा. पण मी लाल बसनं थोडी पुढे, पिमा पॉइंटला येते. परतीची शेवटची बस किती वाजता ते उतरतानाच बघून ठेवा. रात्री थांबणार असाल तर लोकरीचे कपडे बरोबर ठेवा आणि आकाशगंगा बघा. 2019 पासून हे अधिकृत डार्क स्काय पार्क आहे, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, आणि जूनमध्ये हौशी मंडळी दुर्बिणी घेऊन येतात, ज्यांना बघायचंय त्यांना दाखवतात.

(पिमा पॉइंट. संधिप्रकाश. माणसं पांगलेली.)

मी आत्ता पिमा पॉइंटलाच आहे. नदी जवळजवळ दीड किलोमीटर खाली. पण वारा पडला की तिच्या खळाळाचा आवाज इथवर येतो. बाबांना आधी माझं पटलं नाही. मग कठड्याला टेकून डोळे मिटून उभे राहिले, बराच वेळ, आणि नुसती मान हलवली. आता वारा पडलाय. मी बोलायचं थांबते. आवाज वाढवा आणि ऐका.