ओसरत्या पाण्यातले मासे

मुसळधार पाऊस थांबल्यानंतरची नदी मासेमारीला मुळीच अनुकूल दिसत नाही. पाणी गढूळ झालेले असते, काठ निसरडे असतात आणि प्रवाहावरून काटक्या, पाने व फेस वाहत जात असतो. तरीही वर्षानुवर्षे गळ टाकणारी माणसे अनेकदा याच वेळेची वाट पाहतात.

पावसाने पाण्यातील मासे एका रात्रीत वाढत नाहीत, मात्र त्यांच्या जागा बदलतात. जमिनीवरून वाहून येणारे पाणी आपल्याबरोबर गांडुळे, अळ्या, किडे आणि मातीत दडलेले असंख्य लहान जीव आणते. हा चारा सर्वत्र सारखा पसरत नाही. जेथे एखादा ओहोळ मुख्य पात्राला मिळतो, तेथे तो अधिक सापडतो. त्याच्यामागे लहान मासे येतात आणि लहान माशांच्या मागे मोठे. शिवाय वेगवान प्रवाहात एका जागी टिकून राहण्यासाठी माशाला बरीच शक्ती खर्च करावी लागते, म्हणून तो खडकाच्या आडोशाला, वळणाच्या आतल्या बाजूला किंवा काठालगतच्या संथ पाण्यात सरकतो. एरवी पात्रभर विखुरलेले मासे अशा रीतीने मोजक्या ठिकाणी, आणि तेही काठावरून गळ पोहोचेल इतक्या अंतरावर, एकत्र येतात.

गढूळपणाही येथे उपयोगी पडतो. स्वच्छ पाण्यात माशाला काठावरची हालचाल आणि गळाची दोरी दिसते, त्यामुळे तो बुजतो. गढूळ पाण्यात तो निर्धास्तपणे उथळ जागी येतो. मिशाळ मासे तर डोळ्यांपेक्षा मिश्यांच्या स्पर्शावर आणि चवीवर अधिक विसंबतात, तर बहुतेक माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंना असलेली पार्श्वरेषा पाण्यातील बारीकशी कंपनेही टिपते. म्हणूनच अशा वेळी चकाकणाऱ्या आमिषापेक्षा वासाचे किंवा थरथरणारे आमिष अधिक उपयोगी ठरते.

उन्हाळ्याच्या अखेरीस पडणाऱ्या पावसात आणखी एक कारण दडलेले असते. गोड्या पाण्यात 30 अंश सेल्सिअसला प्रतिलिटर सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर 20 अंशांना सुमारे 9. पाणी थंडावले, खळाळले, की सुस्तावलेले मासे पुन्हा हालचाल करू लागतात आणि खाऊ लागतात.

हवेचा दाब उतरल्यामुळे मासे गळाला लागतात, असेही ठामपणे सांगितले जाते. या स्पष्टीकरणावर फार भिस्त ठेवू नये. दाबातील 10 हेक्टोपास्कलची घट म्हणजे पाण्याच्या खोलीत केवळ 10 सेंटिमीटरचा फरक, आणि मासा सहज वरखाली पोहताना त्याहून कितीतरी मोठा बदल अनुभवतो. ढगाळ आभाळाखालचा अंधुक प्रकाश हे त्यापेक्षा पटण्याजोगे कारण आहे.

अर्थात, प्रत्येक पाऊस लाभाचा नसतो. गाळ फार झाला तर माशांच्या कल्ल्यांना त्रास होतो आणि शिकारी माशाला भक्ष्य शोधणे अवघड जाते. दीर्घ कोरड्या काळानंतरचा पहिला लोंढा कुजका पालापाचोळा आणि सांडपाणी आणतो. ते कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो. अशा पाण्यात पृष्ठभागावर तोंड उघडझाप करणारे मासे भुकेले नसून गुदमरत असतात, आणि त्यांच्यापुढे टाकलेले आमिष वायाच जाते. खाडीच्या मुखाशी गणित आणखी वेगळे असते, कारण तेथे गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगतो आणि खारटपणा लागणारे मासे खोल पाण्याकडे किंवा समुद्राकडे सरकतात.

म्हणून प्रश्न पाऊस किती पडला यापेक्षा पाणी कोणत्या अवस्थेत आहे, हा असतो. पातळी चढू लागते तो सुरुवातीचा थोडा वेळ चांगला जातो, परंतु चढत्या पुरात काठावर थांबणे जिवावर बेतू शकते. खरा काळ येतो तो पूर ओसरू लागल्यावर, जेव्हा काठालगत पाणी निवळू लागते आणि मधली धार मात्र अजून गढूळच असते. लहान ओढ्यात ही अवस्था काही तासांतच येऊन जाते. मोठ्या नदीत तिच्यासाठी कित्येक दिवस थांबावे लागते.