साक्षीदाराच्या पिंजऱ्यात देव

[दृश्य: रिकामं न्यायदालन. साक्षीदाराचा पिंजरा. मागे पंख्याचा आवाज.]

कोर्टात साक्ष सुरू होते तीच मुळी देवाच्या नावाने. आपल्याकडे ‘ईश्वरसाक्ष’ म्हणा नाहीतर ‘गांभीर्यपूर्वक’ म्हणा, १९६९ च्या शपथ कायद्याने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. गीतेवर हात ठेवणं हे सिनेमावाल्यांचं. कायद्यातल्या नमुन्यात कुठल्याच ग्रंथाचा उल्लेख नाही. पण एकदा शपथ झाली की देवाने बाजूला व्हायचं. पुढे पुरावा, उलटतपासणी, हरकत, युक्तिवाद. ‘मला आतून वाटतं’ याला तिथे किंमत नाही.

टीव्हीवरच्या कोर्टमालिका याच शिस्तीवर चालतात. दर आठवड्याला एक खटला आणि शेवटी निकाल. मग त्या मालिकेतल्या वकिलाचंच माणूस गेलं तर? खटला भरायचा कुणावर?

[दृश्य: न्यू यॉर्क. पावसातले रस्ते, गाड्यांचे दिवे.]

‘लॉ अँड ऑर्डर’ ही १९९० मध्ये सुरू झालेली अमेरिकी मालिका. पात्रांच्या घरात सहसा न डोकावणारी. मे १९९६ मध्ये तिच्या सहाव्या सीझनचा शेवटचा भाग आला आणि त्यात खटलाच नव्हता. सरकारी वकील जॅक मकॉय, त्याची सहकारी क्लेअर किंकेड आणि दोन पोलीस अधिकारी सकाळी एका देहदंडाला हजर राहतात, आणि उरलेला दिवस चौघंही सैरभैर फिरत राहतात. रात्री एक दारुडा चालक क्लेअरच्या गाडीला धडकतो आणि ती जाते.

पुढच्या सीझनला तिच्या जागी नवी वकील आली आणि कामं सुरू झाली. मला वाटलं होतं, विषय मिटला.

मिटला नव्हता. १९९८ च्या सुरुवातीला मकॉयसमोर एक माणूस येतो, दारू पिऊन गाडीखाली तिघांना चिरडणारा. मकॉयला तो सरळ खुनी ठरवून हवा आहे. अडचण अशी की, माणूस फारच झिंगलेला असेल तर खुनाचा हेतू सिद्ध करणं कठीण. म्हणून तो किती प्यायला होता हे सांगणारी साक्षच ज्युरीपुढे येऊ नये, यासाठी मकॉय धडपडतो. सत्य शोधणारा माणूस सत्य झाकायला निघतो. हा मकॉय जेझुइट पाद्र्यांच्या हाताखाली शिकलेला, कॅथलिक घरातला. पण तो चर्चमध्ये जाऊन रडत नाही. त्याचं दुःख आरोपपत्र होऊन बाहेर पडतं. दीड वर्ष गप्प राहून मालिकेने हे दाखवलं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

[दृश्य: इस्पितळाची खोली, लहान मुलाचा पलंग.]

फेब्रुवारी १९९९. ‘अ‍ॅली मॅकबील’ या मालिकेत ल्युकेमिया झालेला एक छोटा मुलगा वकिलाकडे येतो, कारण त्याला देवावर दावा लावायचा आहे. भूमिका हेली जोएल ऑस्मेंटची. त्याच वर्षी ‘द सिक्स्थ सेन्स’ सिनेमातला मेलेली माणसं दिसणारा मुलगा म्हणून तो जगभर ओळखीचा झाला. देवावरचा दावा आपल्यालाही नवा नाही. गुजराती रंगभूमीवरून हिंदी पडद्यावर आलेला ‘ओह माय गॉड’मधला कांजीभाई आपण सगळ्यांनी पाहिलाय. पण कांजीभाईचं भांडण विमा कंपनीशी आणि बुवा-बाबांशी होतं, त्याला भरपाई हवी होती. या मुलाला फक्त ‘मीच का’ याचं उत्तर हवंय. भाग थोडा गोड केलाय, डोळ्यांत पाणी आणण्याची घाई दिसते. पण प्रश्न खरा आहे.

[दृश्य: शिकागो. काचेच्या उंच इमारती. मग एक बंद दरवाजा.]

आता ज्या मालिकेसाठी हे सगळं सांगायचं होतं ती. ‘द गुड वाइफ’, सीबीएस वाहिनी, २००९ ते २०१६. हिच्यावरून २०२३ मध्ये काजोलची ‘द ट्रायल’ हिंदीत आली.

२३ मार्च २०१४ च्या भागात विल गार्डनर हा वकील भर कोर्टात मारला जातो. मारणारा त्याचाच अशील, तुरुंगात मोडून गेलेला एक कॉलेजातला पोरगा. विलचं काम करणारा जॉश चार्ल्स मालिका सोडणार, हे बाहेर कुणालाही कळू दिलं नव्हतं. प्रेक्षक इतके हादरले की निर्मात्यांना त्यांच्यासाठी जाहीर पत्र लिहावं लागलं.

नायिका अ‍ॅलिशिया ही एकेकाळी विलच्या फर्ममधली वकील. दोघांचं प्रेम होतं, मग ती फुटून बाहेर पडली आणि वैर आलं. मरण्याच्या काही वेळ आधी विलने तिला फोन केला होता. तिने उचलला नाही. व्हॉइसमेलवर उरलंय ते अर्धवट बोलणं: तिचं नाव, आणि मग कोर्टात कुणीतरी बोलावल्यामुळे तुटलेलं वाक्य.

पुढचा अख्खा भाग अ‍ॅलिशिया या वाक्याचा तपास करते. शब्दशः तपास. त्या वेळी कोर्टात कोण होतं? विल कुणाशी बोलत होता? चेहरा कसा होता, चिडलेला की हसरा? गोळीबारात जखमी झालेल्या सरकारी वकिलाला ती इस्पितळात जाऊन गाठते. प्रत्येक नव्या माहितीबरोबर तिच्या डोक्यातला फोन बदलतो. एकदा विल तिच्यावर ओरडतो, एकदा तिला परत ये म्हणतो. साक्षीदार आहेत, वेळेचा हिशेब आहे, सगळं आहे. फक्त ज्याची जबानी हवी तो नाही.

आणि मग घरी ग्रेस आहे, तिची शाळकरी मुलगी. नास्तिक आईच्या घरात स्वतःहून येशूकडे वळलेली. ती आईला धीर द्यायला जाते आणि देवाचं नाव काढते. अ‍ॅलिशिया तिला तिथल्या तिथे उलटतपासणीला घेते: देवाजवळ आहे म्हणजे काय? यात चांगलं काय झालं? पोरीला नीट उत्तर देता येत नाही. मालिका तिला हुशार उत्तर लिहून देत नाही आणि तिची टरही उडवत नाही. ग्रेस आईजवळ थांबते, एवढंच.

असा प्रसंग कसा सुचला असेल, याचा अंदाज करता येतो. मालिका लिहिणारं जोडपं रॉबर्ट आणि मिशेल किंग. तो श्रद्धाळू कॅथलिक, ती ज्यू घरातली, धर्म न पाळणारी. पुढे २०१९ मध्ये याच वादावर त्यांनी ‘ईव्हिल’ नावाची आख्खी मालिका उभी केली. दोन्ही बाजूंचे वकील एकाच घरात असले की कुणालाच स्वस्तात हरवता येत नाही!

[दृश्य: साधी बैठकीची खोली. टेबलावर बायबल, पाण्याचे पेले.]

विल गेला त्याच वर्षी, २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये, अ‍ॅलिशिया एका विचित्र ठिकाणी येऊन बसते. जनुकीय बियाण्यांच्या हक्कावरून एक वाद आहे, आणि दोन्ही पक्ष तो ख्रिस्ती लवादापुढे सोडवायचं ठरवतात. इथे ‘हरकत आहे’ म्हणून उठायचं नाही, तांत्रिक मुद्दे काढायचे नाहीत. माणसाने माणसाशी खरं बोलायचं आणि आधार द्यायचा तो बायबलचा. तिची सगळी हत्यारं काढून घेतलेली. सुरुवातीला ती चुळबुळते, नको तिथे हरकत घेते. मग वकील जे करतो तेच करते, या कोर्टाचा कायदा शिकायला घेते. आणि तो ज्याला येतो असं तिच्या ओळखीचं एकच माणूस आहे.

काही महिन्यांपूर्वी जिला उत्तर देता आलं नव्हतं, त्या ग्रेसकडे ती वचनं मागते. विश्वास काडीचा बसलेला नाही. पण सुनावणी आहे, अशील आहे, आणि समोरचा पक्ष पाठांतर करून आलाय.