अर्जातला तो एक रकाना

(दृश्य : अर्धा भरलेला ऑनलाइन अर्ज. कर्सर लुकलुकतोय.)

नाव, जन्मतारीख, शिक्षण. इथवर बोटं भराभर चालतात. मग येतो तो रकाना : आधीची नोकरी का सोडली?

खरं उत्तर एका शब्दाचं आहे. काढलं. पण तो शब्द काही टाइप होत नाही. 'वैयक्तिक कारणास्तव' मात्र पटकन लिहून होतं.

(दृश्य : फायलींनी भरलेलं कपाट.)

मुलाखतीत मारलेली थाप हवेत विरते. अर्जातली फायलीत राहते, सहीसकट.

मॅरिली जोन्स १९७९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात नोकरीला लागल्या, त्या नसलेल्या पदव्या दाखवून. पुढे तिथल्याच प्रवेश विभागाच्या प्रमुख झाल्या. म्हणजे इतरांच्या अर्जातलं खरंखोटं पारखणं हेच त्यांचं काम. प्रवेशाच्या ताणाखाली पिचणाऱ्या मुलांची बाजू त्या हिरिरीनं मांडत, त्यासाठी देशभर ओळखल्या जात. एप्रिल २००७ मध्ये जुनी माहिती उघड झाली आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. २८ वर्षांनी! प्रमुखपदासाठी अर्ज करतानाही ती चूक सुधारण्याचं धैर्य झालं नाही, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं.

मला यात चटका लावतं ते त्यांचं काम. ते त्यांना येत होतं.

(दृश्य : अर्जातल्या एका प्रश्नावर कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

पण खरं सांगायचं म्हणजे सगळंच ओकायचं, असंही नाही. आधी प्रश्न शब्दन् शब्द वाचावा. 'अटक झाली होती का' आणि 'शिक्षा झाली होती का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 'कधीही' आणि 'गेल्या पाच वर्षांत' यांतही तेवढंच अंतर.

कायदाही ठिकठिकाणी वेगळा. ब्रिटनमध्ये १९७४ च्या एका कायद्यामुळे ठरावीक काळ उलटला की बऱ्याच शिक्षा जुन्या झाल्या असं धरतात, आणि बहुतेक नोकऱ्यांसाठी त्या सांगाव्या लागत नाहीत. मुलांशी संबंधित कामांसारखे अपवाद आहेत. अमेरिकेच्या हवाई राज्यानं १९९८ मध्ये शिक्षेचा प्रश्न अर्जातून काढायलाच लावला. आधी नोकरी देऊ करायची, मग विचारायचं.

आजारपणामुळे दोन वर्षं घरी होतो? 'प्रकृतीच्या कारणानं काम थांबवलं होतं, आता पूर्णवेळ काम करू शकतो' एवढं बास. आजाराचं नाव मागितलेलं नसेल तर कशाला द्या?

(दृश्य : पुन्हा तोच पडदा. अक्षरं उमटू लागतात.)

'काढलं' हा शब्दही एकटा ठेवायची गरज नाही. त्याला पुढचं वाक्य जोडता येतं.

'हिशेबाचे अहवाल वेळेत देता आले नाहीत, म्हणून नोकरीवरून कमी केलं. त्यानंतर सहा महिन्यांचा लेखा अभ्यासक्रम पूर्ण केला. जुन्या वरिष्ठांचा फोन नंबर खाली देत आहे.'

कर्सर 'सादर करा'वर जातो. थांबतो. परत वर येतो, नंबर एकदा तपासतो.

(क्लिकचा आवाज.)