काचेच्या टाकीचा भार

श्रोतेहो, नमस्कार.

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या दुकानातून माशांसाठी घेतलेली काचेची टाकी दोन माणसे सहज जिन्याने वर नेतात, आणि नेमकी तिथेच आपली फसगत होते. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशा टाकीत काठोकाठ सुमारे १९० लिटर पाणी मावते. ती थोडी रिती ठेवली तरी पाणी, काच आणि तळाची वाळू मिळून सव्वादोनशे किलोंच्या आसपास वजन होते, आणि हा भार वर्षानुवर्षे, रात्रंदिवस एकाच जागी उभा असतो. टीव्हीचे टेबल किंवा चपलांचे कपाट अशा भारासाठी बनवलेले नसते.

माझ्या पहिल्या टाकीचा तळ एका जुलैमधल्या रात्री कोपऱ्यापासून तडकला आणि सगळे पाणी खालच्या बिऱ्हाडात उतरले. स्टँडचा एक पाय ओलीने फुगला होता, त्यामुळे एक कोपरा किंचित उचलला जाऊन काचेला पीळ बसला होता. काच सारख्या पसरलेल्या दाबाला चांगली टिकते. एका बाजूने उचलले जाणे किंवा तळाशी एखादा खडा टोचणे तिला सोसत नाही. म्हणूनच स्टँड नुसता मजबूत असून पुरत नाही, तो सपाट आणि समतल असावा लागतो.

स्टँड लाकडी करायचा असेल तर सुताराला एक गोष्ट आवर्जून सांगावी, की वरची फळी उभ्या पायांच्या डोक्यावर टेकली पाहिजे, म्हणजे वजन लाकडातून सरळ जमिनीत उतरेल. फळी पायांच्या बाजूला स्क्रूने अडकवली तर सगळा भार त्या चार-सहा स्क्रूंवर येतो. मागच्या बाजूला पूर्ण फळी किंवा तिरका आधार हवाच, कारण त्याशिवाय स्टँड आडवा झुलतो, आणि भरलेल्या टाकीतले पाणी हलू लागले की तो झोल वाढत जातो. मुंबईच्या दमट हवेत भुशाच्या बोर्डावर भिस्त ठेवू नये. पाण्याला टिकणारे प्लायवूड घ्यावे आणि त्याच्या कापलेल्या कडाही रंगवून बंद कराव्यात. लोखंडी अँगलचा स्टँड उत्तमच, मात्र वेल्डिंगचे उंचवटे घासून काढावेत आणि खाऱ्या हवेत गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइड लावून घ्यावे.

नुसत्या काचा सिलिकॉनने जोडलेली टाकी असेल तर तिच्या पूर्ण तळाखाली थर्माकोलचा किंवा फोमचा अखंड थर घालावा, म्हणजे बारीकसारीक खडबडीतपणा झाकला जातो. खाली प्लास्टिकची चौकट असलेल्या टाकीचे मात्र वेगळे आहे. तिचा भार चौकटीवर असतो आणि तळाची काच अधांतरी असते, त्यामुळे बनवणाऱ्याने सांगितल्याशिवाय तिच्याखाली फोम घालू नये. आपल्याकडच्या लाद्यांना उतार असतो, तेव्हा पाणसळ लावून पाहावी आणि फरक असल्यास पाचर स्टँडच्या पायाखाली द्यावी. टाकी आणि स्टँड यांच्यामध्ये कधीही देऊ नये.

आता जमिनीविषयी. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून आखतात. तेवढ्या आकड्याने घाबरून जाऊ नये, कारण तो भार सगळ्या खोलीवर पसरलेला धरलेला असतो. तरीही टाकी खोलीच्या मध्यात न ठेवता भिंतीलगत, तुळईजवळ ठेवावी. गिरगाव-परळच्या जुन्या चाळींत लाकडी तुळयांवर फळ्यांची जमीन असते. तिथे टाकीची लांबी तुळयांना आडवी यावी, म्हणजे वजन एकीवर न पडता अनेकींवर वाटले जाते. इमारत जीर्ण असेल किंवा टाकी चार फुटांपेक्षा मोठी असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवल्याखेरीज पाणी भरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पहिल्यांदा भरताना दोन इंच पाणी घालून थांबावे आणि चारही कोपऱ्यांत पट्टीने उंची मोजावी. फरक दिसला तर पाणी काढून पायाखालची पाचर सुधारावी. मग अर्धी, मग पूर्ण भरून एक दिवस तशीच ठेवावी, आणि त्यानंतरच मासे सोडावेत.



नमस्कार.