फ्रेमवाल्याची गॅलरी साठ वर्षांची होते तेव्हा

नमस्कार मंडळी. कार्डावर विषय 'कलादालनांची वाटचाल' असा छापलाय, पण सगळ्या कलादालनांचं मी काही सांगत बसणार नाही, एकाच गॅलरीबद्दल बोलते, मुंबईच्या केमोल्डबद्दल, म्हणजे निदान एक तरी नीट सांगून होईल.

आपल्याकडे संस्थेला पन्नास-साठ वर्षं झाली की काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे. स्मरणिका निघते, तिच्यात अर्ध्या जाहिराती आणि उरलेले अर्धे गेलेल्यांचे फोटो, मग शाल-श्रीफळ, मग भाषणं. आर्ट गॅलरी असेल तर आणखी एक होतं, गोडाऊनमधून जुनी मोठी नावं बाहेर निघतात, एक हुसेन, एक रझा, शक्य झालं तर एक गायतोंडे, लोक येतात, "किती कोटीचं असेल हो?" असं हळूच एकमेकांना विचारतात, वाईन पितात आणि घरी जातात. त्यात वाईट काही नाही, पण त्याच्यावरून ती गॅलरी साठ वर्षं नक्की काय करत होती ते काही कळत नाही.

तर ही केमोल्ड. १९६३ साली जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर केकू गांधी आणि खोर्शेद गांधी या नवराबायकोनं सुरू केलेली. गंमत म्हणजे पंडोल गॅलरीपण त्याच वर्षी सुरू झाली, तिकडे फ्लोरा फाउंटनला, म्हणजे मुंबईत आधुनिक चित्रांची दोन दुकानं एकाच वर्षी उघडली. हो, दुकानंच म्हणते मी मुद्दाम, कारण आपल्याकडे 'कलामंदिर' म्हटलं की सगळे चपला काढून उभे राहतात आणि मग व्यवहार कसा चालतो ते कोणी विचारतच नाही.

तर केकू गांधी हे वांद्र्याचे पारशी, जन्म १९२० चा, बँडस्टँडला लँड्स एंडकडे 'केकी मंझिल' म्हणून त्यांचं घर. केंब्रिजला शिकत होते, १९३९ मध्ये इकडे आले आणि महायुद्ध सुरू झालं, परत जायचं राहूनच गेलं. मग करायचं काय? रॉजर व्हॅन डॅम नावाचा एक बेल्जियन माणूस भेटला, त्याच्या बरोबरीनं १९४१ साली फ्रेमच्या पट्ट्या बनवायचा धंदा काढला, केमिकल मोल्डिंग्जचा, त्याचं केमोल्ड झालं. म्हणजे आज देशातल्या सगळ्यात मानाच्या गॅलऱ्यांपैकी एक आहे तिचं नाव फ्रेमच्या कारखान्याचं आहे.

आता फ्रेमच्या दुकानाला काचेची शोकेस लागते, आणि रिकामी फ्रेम शोकेसमध्ये बरी दिसत नाही, आत काहीतरी लावावं लागतं. साधारणपणे देवदेवता लावतात, नाहीतर स्विस डोंगर. केकूंनी प्रिन्सेस स्ट्रीटच्या आपल्या शोरूममध्ये आरा, हुसेन असल्या लोकांची चित्रं लावायला सुरुवात केली. विचार करा तेव्हा हे कोण होते. आरा म्हणजे लोकांच्या घरी कामाला होता, गाड्या धुवायचा. हुसेन आपल्या पंढरपूरचा जन्म, मुंबईत येऊन सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली. १९४७ मध्ये या आधुनिक चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप झाला, सुझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि आपला गाडे, तेव्हा यांना गिऱ्हाईक कुठलं? थोडीफार चित्रं घेणारी, यांच्याबद्दल लिहिणारी मंडळी म्हणजे हिटलरच्या तडाख्यातून सुटून मुंबईत आलेले युरोपियन, लँगहॅमर, फॉन लायडन, श्लेसिंजर. आणि त्यात हा फ्रेमवाला.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की फ्रेमचा धंदा चालत होता. कॅलेंडरला, लग्नाच्या फोटोला, डिग्रीला, फ्रेम सगळ्यांनाच लागते, आणि तो धंदा पाठीशी होता म्हणून १९६३ मध्ये गॅलरी काढली तेव्हा या महिन्यात दोन चित्रं खपली नाहीत तर भाडं कुठून भरू ही धास्ती पहिल्या दिवसापासून मानेवर नव्हती. जिला दर महिन्याला खपवावंच लागतं ती गॅलरी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सूर्यास्त आणि गणपती लावायला लागते, हे मी डोळ्यांनी बघितलंय, नावं घेत नाही.

जहांगीरबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण आपल्यातल्या पुष्कळांचा गोंधळ तिथंच होतो. जहांगीर १९५२ ला सुरू झाली, सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून, आणि ती उभी राहावी म्हणून धडपड करणाऱ्यांत केकूसुद्धा होते. तिथे चित्रकार अर्ज करतो, निवड होते, मग तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबतो, हॉलचं भाडं भरतो, आमंत्रणं स्वतः छापतो, आठवडाभर स्टुलावर बसून राहतो, नातेवाईक येऊन "छान आहे हं" म्हणून जातात. आपले जेजे आर्ट स्कूलमधले, पुण्याच्या अभिनवमधले, कोल्हापूर-सांगलीचे कितीतरी चित्रकार असे थांबलेत, आजही थांबतात. केमोल्डसारख्या गॅलरीचा हिशोब वेगळा. कलाकार ती निवडते, शोचा खर्च ती करते, विक्री झाली की रक्कम वाटून घेतात, साधारण निम्मी-निम्मी. पण मग जबाबदारीही तिची, एक शो पडला म्हणून त्या माणसाला सोडून देता येत नाही, पुढची दहा-वीस वर्षं त्याला धरून चालावं लागतं. अतुल दोडियाचा पहिला सोलो, म्हणजे एकट्याचं प्रदर्शन, १९८९ ला तिथे झाला, जितिश कल्लटचा १९९७ ला, आणि दोघंही पुढे कितीतरी वर्षं तिथेच दाखवत राहिले. एकाच बिल्डिंगमध्ये, जिना चढलं की, अख्खा व्यवहारच बदलत होता. खालच्या समोवार कॅफेत चहा मात्र दोन्हीकडच्यांना तोच असायचा. (हशा)

आता मुद्द्यावर येते. दुकान आहे ना, मग दुकानानं न विकली जाणारी गोष्ट का ठेवावी? १९९२ साली चित्रकार नलिनी मलानींनी केमोल्डच्या भिंतींवरच चित्रं काढली, थेट भिंतीवर, कागद नाही, कॅनव्हास नाही. 'सिटी ऑफ डिझायर्स' नाव. राजस्थानात नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रं दुर्लक्षानं नष्ट होत होती, त्याचा संताप त्यामागे होता. पंधरा दिवस ते लोकांनी बघितलं आणि मग भिंतींना चुना मारला, संपलं. म्हणजे नाथद्वाऱ्याला जे हळूहळू चाललं होतं ते यांनी पंधरा दिवसात, लोकांच्या देखत करून दाखवलं. गॅलरीच्या बाजूनं बघा हं, पंधरा दिवस हॉल गुंतलेला, विकायला शून्य, आणि शेवटी रंगाऱ्याची मजुरी पदरची. आज मलानी जगातल्या मोठमोठ्या म्युझियममध्ये आहेत, तेव्हा त्या चुन्याखाली गेलेल्या कामाची आठवण निघते, पण १९९२ मध्ये हे पुढं असं होईल याची कोणी गॅरंटी दिली नव्हती.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं, वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे. डहाणूजवळचा कलंबीपाडा. वारली चित्रं मुळात बायका काढायच्या, लग्नाचा चौक, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं, सवाशिणींचं काम. जिव्यांची आई लहानपणीच गेली, नंतर कित्येक वर्षं हा मुलगा बोलतच नव्हता, मातीत रेघोट्या ओढत बसायचा असं सांगतात. मोठेपणी तो रोज चित्रं काढायला लागला, लग्न असो नसो, पुरुष असून. चित्रकार भास्कर कुलकर्णी तिकडे फिरत होते त्यांना हा माणूस दिसला, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यात जिव्यांचं प्रदर्शन केमोल्डमध्ये झालं. तोपर्यंत वारली चित्राची मुंबईतली जागा कुठली? हस्तकला एम्पोरियम. दक्षिण मुंबईतल्या मॉडर्न आर्टच्या गॅलरीत एका वारल्याचं नाव लिहून, 'आदिवासी कला' असं मोघम नाही, एका माणसाचं नाव लिहून सोलो शो लावणं हे तेव्हा सोपं नव्हतं.

त्यांचं मासे पकडायच्या जाळ्याचं चित्र कुठे बघायला मिळालं तर जवळ जाऊन बघा. लांबून ते नुसतं पांढरट ढगासारखं दिसतं, जवळ गेलात की कळतं की जाळ्याची एकेक गाठ वेगळी ओढलीय, बांबूच्या काडीनं, हजारो बारीक रेघा, एक रेघ जाड झाली तर जाळं तिथे फाटल्यासारखं दिसेल, आणि ते कुठेच फाटलेलं नाही. आणि आज आपण काय करतो, चहाच्या कपावर, कुशनवर, मेट्रोच्या खांबावर तारपा नाच छापतो आणि वारली आर्ट म्हणतो. असो, तो वेगळा विषय, बोलायला लागले तर इथेच रात्र होईल.

तर वर्धापनदिनाचं. पन्नाशी २०१३ ला आली. केकू आदल्याच नोव्हेंबरात गेले होते, २००९ ला पद्मश्री मिळाली होती त्यांना. तोवर गॅलरी शिरीन गांधी, त्यांची मुलगी, चालवत होती, आणि २००७ पासून जहांगीर सोडून फोर्टमध्ये प्रेस्कॉट रोडला मोठ्या जागेत गेली होती. तिनं काय केलं, तर कलासमीक्षक गीता कपूर यांना क्युरेटर म्हणून, म्हणजे प्रदर्शनाची निवड-मांडणी करायला, बोलावलं. एक नाही, पाच प्रदर्शनं, एकामागून एक, २०१३ च्या सप्टेंबरपासून २०१४ च्या एप्रिलपर्यंत, सगळ्याला मिळून नाव 'एस्थेटिक बाइंड'. आणि वाढदिवसाचं पहिलं प्रदर्शन कशावर? मृत्यूवर. 'सब्जेक्ट ऑफ डेथ'. भूपेन खक्कर जाऊन दहा वर्षं झाली होती त्याचं निमित्त. भूपेन म्हणजे बडोद्याचा, चार्टर्ड अकाउंटंट, हिशोब लिहायचा आणि चित्रं काढायचा. पुढचं प्रदर्शन नागरिक म्हणून कलाकार या विषयावर. आपल्याकडे पन्नाशीला कोणी मृत्यू विषय घेतला तर कमिटीच बरखास्त होईल! पण मला ते फार पटलं. जुनी बिलं दाखवून 'आम्ही किती ग्रेट' म्हणण्यापेक्षा काम करत असलेल्या कलाकारांसमोर अवघड विषय टाकायचा आणि बघायचं काय येतं, ही पन्नाशी साजरी करायची पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते.

तक्रार पण सांगते. अशा प्रदर्शनांमध्ये भिंतीवरचा मजकूर वाचायला गेलात तर पहिल्या दोन वाक्यांतच दम लागतो, आणि तो फक्त इंग्रजीत. हे कुठल्या एका गॅलरीचं नाही, मुंबईतल्या बहुतेक सगळीकडचंच. ज्या शहरात कितीतरी रिक्षावाले मराठी-हिंदी पेपर रोज वाचतात तिथे चार ओळी मराठीत लावायला कितीसा खर्च येतो? आपण जात नाही म्हणून ते लावत नाहीत, ते लावत नाहीत म्हणून आपण जात नाही, चाललंय वर्षानुवर्षं.

जागा मोठी झाल्यावर कामही बदललं हे मात्र खरं. जुन्या जागेत चार माणसं उभी राहिली की पाचव्यानं बाहेर थांबायचं. प्रेस्कॉट रोडला उंच छत आहे, मोठ्या खिडक्या आहेत. २०१२ मध्ये तिथे शकुंतला कुलकर्णींचं प्रदर्शन झालं, वेताची चिलखतं. अक्षरशः वेत विणून केलेली, डोक्यापासून पायापर्यंत, बाईच्या अंगाच्या मापाची. ती घालून त्या मुंबईत रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि फोटो काढले. चिलखत रक्षण करतं, पण वेताचं असल्यामुळे आतलं सगळं दिसतं, आणि घातल्यावर नीट बसताही येत नाही, मग हे चिलखत की पिंजरा? रात्रीच्या शेवटच्या लोकलनं एकटी आलेली कुठलीही बाई याचं उत्तर देईल, भिंतीवरचा मजकूर न वाचता. बारा वर्षांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत, पॅरिसला डिऑरच्या फॅशन शोचा सगळा सेट याच वेताच्या आकृत्यांचा होता. तेव्हा आपल्या पेपरांत बातमी आली. २०१२ ला किती आली होती ते जाऊद्या.

साठी २०२३ ला. 'केमोल्डिंग : फ्रेमिंग फ्युचर अर्काइव्ह्ज' नावाचं प्रदर्शन, शालीन वधवाना यांनी क्युरेट केलेलं. मागचा सगळा संग्रह आणि आजचे कलाकार यांना समोरासमोर आणायचं अशी कल्पना. त्याच्या आदल्याच वर्षी कुलाब्यात 'केमोल्ड कोलॅब' म्हणून वेगळी जागा उघडली होती, करिअरच्या सुरुवातीला असलेल्या कलाकारांसाठी. मला साठीच्या सोहळ्यापेक्षा ही कुलाब्याची जागा जास्त महत्त्वाची वाटते. कारण मोठी झालेली गॅलरी हळूहळू सेफ खेळायला लागते, नाव झालेल्यांनाच दाखवते, मग पंचवीस वर्षांच्या पोरीनं जायचं कुठे? परत त्या जहांगीरच्या रांगेत.

हां, मागून प्रश्न आलाय, किंमत कोण ठरवतं. चांगला प्रश्न आहे, उगाच लाजून विचारलात. पहिल्या शोला कलाकार आणि गॅलरी मिळून ठरवतात, आकार काय, मटेरियल काय, त्याच्या बरोबरीचे कितीला विकतात, आणि मुद्दाम कमी ठेवतात, कारण एकदा वर नेलेली किंमत खाली आणता येत नाही, आणली की ज्यांनी आधी घेतलं ते चिडतात. तुम्ही पेपरात वाचता ते आकडे लिलावाचे. हुसेनचं 'ग्राम यात्रा' २०२५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजमध्ये ११८ कोटींच्या आसपास गेलं, त्यातला पैसा ज्याच्याकडे चित्र होतं त्याला मिळतो आणि लिलाववाल्याला, काढणाऱ्याच्या घरी आपोआप काही जात नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३अ आहे, मूळ चित्र दहा हजारांच्या वर परत विकलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मिळू शकतो, जास्तीत जास्त दहा टक्के, पण तो मागायला हवा, आणि त्यासाठी चित्र कुठं कधी विकलं हे आधी कळायला हवं. इथे कोणी चित्रकार बसले असतील तर पहिल्या चित्रापासून वही ठेवा, कोणाला दिलं, कितीला, कोणत्या तारखेला. बिल घ्या. मित्राला दिलं तरी घ्या.

आणि आत जायला तिकीट नसतं, हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. प्रेस्कॉट रोडला लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर जायचं, दार ढकलायचं, कोणी काही विचारत नाही. फक्त जायच्या आधी वेळ बघून घ्या, शो बदलायच्या दिवसांत बंद असतं.